पहिला बाजार धरायचा नाही

बाई, त्या बाजारच्या दिवशी तुमचा आकडा आला नाही, तेव्हा मला आधी रागच आला. सकाळपासून पार्लरमध्ये गर्दी होती. अणदूरला बाजारादिवशी ती असतेच. आसपासच्या गावांतल्या बायका भाजी घ्यायच्या आधी माझ्याकडं भुवया करून घेतात. दातात दोरा धरून मी सारखी फोनकडं बघत होते. सहा बाजार तुम्ही न चुकता नुसता एक आकडा पाठवला होता. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा. मी एकालाही उत्तर दिलं नव्हतं. आणि सोळा आला नाही म्हणून मीच तुम्हाला बोल लावत बसले, की शेवटी मास्तरीणच ती, पोरगी ओ देईना म्हटल्यावर हजेरीतून नाव काढून टाकलं. दुपारी माझ्या आईचा सास्तूरहून फोन आला. तुम्ही सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसलात, ते उठलाच नाहीत. अजून पन्नाशीसुद्धा आली नव्हती तुमची.

सासूबाई म्हणाल्या, पोटुशीनं मयताला जायचं नसतं. मी गेले. लांब, रस्त्याच्या कडेला उभी राहिले. तुमच्यात माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात, हे मला माहीत होतं. पण मांडी घातलेल्या, मान थोडी पुढं झुकलेल्या तुम्हाला खड्ड्यात उतरवताना पाहिलं आणि माझा हात पोटावर गेला. नववीच्या पुस्तकाबाहेरची एक आकृती तुम्ही आम्हाला फळ्यावर काढून दाखवली होती, गुडघे दुमडून मान खाली घातलेल्या गर्भाची. तशाच बसला होता तुम्ही. मला रडू यायला हवं होतं. मला आली ती भीती, अगदी खरीखुरी.

लोक विचारतात, एवढं काय, बाई तुझ्या कोण होत्या? मी सांगते, नववीला विज्ञानाला होत्या. एवढंच सांगते. माझ्या पोटातल्या लेकराबद्दल मला कसली भीती आहे हे जगात फक्त दोघींना ठाऊक होतं आणि त्यातली एक आता नाही, हे कुणाला सांगू?

तुम्हाला आमची खुडूक कोंबडी आठवत असेल. तुम्ही जन्मात अंड्याला तोंड लावलं नाही. शाळेत आणायचं तर ते रुमालात गुंडाळून, चोरून आणल्यासारखं आणायचात. आमच्या घरी कोंबडी अंड्यांवर बसली आहे कळल्यावर तुम्ही मला म्हणालात, दोन अंड्यांवर पेन्सिलीनं फुली मार, तिच्याखाली ठेव आणि दोन दिवस भरले की एक घेऊन ये. मी सोमवारी दुपारी ठेवलं आणि मंगळवारी दुपारी घेऊन आले. सोमवार एक, मंगळवार दोन. तुम्ही कोमट मिठाच्या पाण्यात अंडं फोडलं. सगळा वर्ग वाकून बघत होता. पिवळ्या बलकावर एक फिकट ठिपका, बस. मी रडवेली होऊन म्हणाले, "बाई, मेलंय ते."

"मेलं न्हाय गं. अजून व्हायचंय," तुम्ही म्हणालात. "ठेवलेला दिस धरत न्हाईत आशे. तो शून्य. तू एका दिसाचं आणलंस."

"पण तुम्ही फोडलं की आता. म्हणजे आता मेलंच."

दुसऱ्या दिवशी मी दुसरं अंडं आणलं आणि त्या बलकावर मोहरीएवढा लाल ठिपका उडत होता. कोंबडीचं हृदय, अजून कोंबडी व्हायच्या आधीच. पोरं ओरडली, पोरी मागं सरकल्या. तुम्ही मात्र हात जोडले, आणि शाळा सुटल्यावर दोन्ही अंडी लिंबाच्या झाडाखाली पुरलीत. मला वाटतं, मी विज्ञान घेतलं ते त्या दिवशी, आणि बारावीनंतर माझं लग्न करून दिल्यावर तुम्ही माझ्या बापाशी भांडलात तेही त्याच दिवसामुळं.

मी पार्लर टाकलं तेव्हा तुम्ही उद्घाटनाला आलात, नारळ फोडलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चेहरा घडतो कसा ते शिकवलं म्या हिला, आन् ही चेहऱ्याला रंग लावायलीय." बायका हसल्या. मी पण हसले, पण मला लागलं होतं ते. त्यात माझ्याच गालांवर मुरमं. गिऱ्हाईक आरशात माझ्याकडं बघून विचारायचं, ताई, तुम्ही स्वतःला काय लावता? म्हणून मी सोलापूरच्या चामडीच्या डॉक्टरांकडं गेले आणि त्यांनी त्या कॅप्सूल दिल्या. खोटं कशाला बोलू, त्यांनी बजावून सांगितलं होतं. गोळ्या चालू असताना दिवस जाता कामा नयेत, आणि बंद केल्यावर पुढं एक महिनाही नाही. मी मान डोलावली. ही गोळी म्हणजे तुमच्या त्या 'अ' जीवनसत्त्वाच्याच घरातली, हेही मला माहीत होतं. पण तेव्हा 'अ' जीवनसत्त्व म्हटलं की मला अंगणवाडीतलं चमचाभर औषध आणि रातांधळेपणाचा धडा आठवायचा. त्यानं कुणाचं वाकडं होईल असं कसं वाटावं?

गोळ्या बंद केल्या. आमच्याकडं महिना बाजारावर मोजतात, चार बाजार झाले की महिना. मी चार बाजार मोजले. नंतर दिवस राहिले. घरात पेढे आले. आणि एका दुपारी पार्लरमध्ये एका मुलीचे केस कापताना तिचा कान उघडा पडला, आणि गोळीनं लेकराचं काय काय बिघडतं ते त्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं एकदम आठवलं: कान, चेहरा, हृदय. तिथपासून मी बायकांचे कानच बघते बाई. किती नाजूक काम असतं ते, किती वळणं. देवानं एवढ्याशा जागेत एवढा घाट कशाला घालावा?

तुमच्याकडं आले ती याच भीतीनं. पडवीत तुम्ही गहू निवडत होता. माझा चेहरा बघून सूप बाजूला ठेवलंत. मी सगळं सांगितलं. तुम्ही फक्त विचारलंत, "शेवटची गोळी कवा घेतलीस?"

"बाजारादिवशी."

"आन् चार बाजार कुठनं मोजलेस?"

"त्याच बाजारापासून."

तुम्ही डोळे मिटलेत. मग अगदी हळू म्हणालात, "आशे, पहिला बाजार धरायचा न्हाय. तो शून्य. तुझा महिना एकवीस दिसांचा झाला."

नववीत केलेली चूक मी पुन्हा केली होती. फरक एवढाच की या वेळी लिंबाखाली पुरून मोकळं होता येणार नव्हतं.

मग तुम्ही मला समजावलंत, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडून, त्याच्या पाठीमागं. तुमच्या त्या पडवीतून रस्त्यावरची सगळी घरं दिसतात, एकसारखी, भूकंपानंतर बांधलेली. तुम्ही म्हणालात, "ह्या नव्या गावात आमी आलो तवा आमचे बाबा बाजारातनं आले आन् सरळ शेजारच्या घरात शिरले. खाटंवर बसले, पाणी मागितलं. शेजारणीनं दिलं बी. पाणी पिऊन झाल्यावर भिंतीवर दुसऱ्याचाच देव दिसला." जुन्या गावात हे कधी झालं नसतं, तिथं वळण, झाड, ओटा सगळं वेगळं होतं. इथं घरं सारखी, म्हणून दारावर नंबर. तसंच गर्भाचं, तुम्ही म्हणालात. सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच. तू मानेची, तू छातीची, तू कमरेची, हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारी जनुकं असतात, आणि गंमत अशी की ती जनुकं ज्या ओळीनं शेजारी-शेजारी बसलेली, त्याच ओळीनं डोक्याकडून खाली कामाला लागतात. घराच्या नंबरासारखी.

"आन् नंबर टाकायला कोण सांगतं?" तुम्हीच विचारलंत आणि तुम्हीच उत्तर दिलंत. 'अ' जीवनसत्त्वापासून शरीर एक रसायन बनवतं. ते गर्भात कुठं जास्त असतं, कुठं कमी, कुठं मुद्दाम पुसून टाकलेलं. त्या कमी-जास्तावरून पेशीला कळतं की आपण कुठल्या गल्लीत आहोत. कमी पडलं तर नंबर पडत नाहीत. जास्त झालं तर पुढच्या घरावर मागचा नंबर पडतो, आणि कान व्हायला निघालेल्या पेशी भलत्याच दारात जाऊन बसतात. तुम्ही कॅलेंडरवर छोटी छोटी घरं काढत होता आणि मला त्या प्रत्येक घरात माझं लेकरू दिसत होतं, दार चुकलेलं.

मी म्हणाले, "मग मी गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला सगळं बंद केलंय. बरोबर ना?"

तुम्ही चिडलात. "येडी का काय तू? भाजीतलं शरीर लागंल तेवढंच वळवून घेतं. पुरं झालं की साकु म्हणतं." साकु. वर्गात आमचा गोंधळ वाढला की तुम्ही टेबलावर डस्टर आपटून हाच कानडी शब्द ओरडायचात, पुरे! साऱ्या शाळेला तो पाठ होता. "भाजीला शरीर साकु म्हणू शकतं. गोळीला म्हणता येत न्हाय. गोळी थेट आत जाती. तू भाजी खा गुमान."

"आता काय होईल?"

"नववा आठवडा सरला तुझा. चेहऱ्याची मांडणी झालीय बहुतेक. जे व्हायचं ते होऊन गेलंय आशे. आता नुसतं बघायचं राहिलंय."

तुम्ही हे धीर द्यायला म्हणालात, मला माहीत आहे. पण त्या वाक्यानं माझी झोप नेली ती आजवर. होऊन गेलंय! म्हणजे निकाल लागलाय, गुणपत्रिका माझ्याच पोटात आहे आणि मला ती उघडता येत नाही. उघडायला गेलं तर काय होतं ते मी नववीत पाहिलंय.

मी तुमचा हात धरला. म्हणाले, "बाई, मला नुसतं एकदा म्हणा, काही होणार नाही म्हणून."

"ती गोळी अंगातनं निघून गेलेली असणार, बहुतेक. एकवीस दिस लई असत्यात."

"बहुतेक नको. काही होणार नाही, असं म्हणा."

"मला म्हाईत न्हाय ते म्या म्हणत न्हाय. तू डॉक्टरला सांग. नवऱ्याला सांग, सासूला सांग. एकटीनं वाहायचं वझं न्हाय हे."

मी उठले. तुमच्या वहिनींनी खास माझ्यासाठी हुग्गी केली होती, गव्हाची खीर, खसखस घातलेली, मला आवडते तशी. वाटी पुढं आली होती. मी म्हणाले, "खोटं बोलायलासुद्धा एवढी कंजुषी? तुमच्यापेक्षा गावातली भगतीण बरी, ती तरी अंगारा लावून होईल सगळं चांगलं म्हणते." आणि चपला घातल्या. तुम्ही दारापर्यंत आलात. "आशे, बस की. खाऊन जा." मी वळून पाहिलं नाही. ते तुमचं मला ऐकू आलेलं शेवटचं बोलणं.

मग आकडे सुरू झाले. बाजारादिवशी सकाळी दहा. ना कशी आहेस, ना राग गेला का. नुसतं दहा. मी ओळखलं, पहिला बाजार न धरता मोजलेला माझ्या लेकराचा आठवडा होता तो. आधी मला तो टोमणाच वाटला, की बघ, मोजायचं कसं ते. अकराला मी फोन उलटा ठेवला. बाराला वाट बघत होते. तेरा आला तेव्हा मी पहाटेपासून जागी होते आणि तो आल्यावर माझा डोळा लागला. खरं सांगते बाई, आठवड्यात तेवढी एकच वेळ माझी भीती थोडी बसायची. कुणीतरी माझ्याबरोबर मोजतंय एवढंच. तेव्हाच मी 'हो' एवढं लिहिलं असतं तर माझी बोटं झिजली नसती. पण मला तुमच्याकडून आधी माफी हवी होती, आणि तुम्ही कधी बरोबर असताना माफी मागितली नाहीत. मी चूक असताना मागितली नाही. हा हट्टही तुम्हीच शिकवलेला.

तुम्ही गेल्यावर अठरावा आठवडा सरला तेव्हा सोलापूरला मोठी सोनोग्राफी होती. नवऱ्याच्या गॅरेजवर ट्रॅक्टर खोलून पडला होता, म्हणून सासूबाई बरोबर आल्या. आत डॉक्टरबाईंनी कागद भरता भरता विचारलं, "दिवस राहायच्या आधी काही औषधं चालू होती?"

"न्हाय हो," माझ्या आधी सासूबाईच बोलल्या. "आमच्या सुनंला साधी डोकेदुखीची गोळी बी चालत न्हाय."

त्या अभिमानानं बोलल्या होत्या. मान डोलावली असती तर सुटले असते. माझ्या जिभेवर 'नाही' आलंही होतं. तेवढ्यात मला कोमट पाण्यातलं ते अंडं आठवलं, आणि मी बोलले नाही तर ते लेकराच्या अंगावरच उघडं पडेल, असं काहीतरी वाटलं. मी म्हणाले, "घेतली होती." गोळीचं नाव सांगितलं. किती दिवस आधी बंद केली तेही, बाजार न धरता, दिवसांत. डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवून पाणी दिलं. सासूबाईंकडं मी पाहिलं नाही. त्यांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या एवढंच कळलं.

मग पडद्यावर ते दिसलं. हृदय, चार कप्पे, चारही जागेवर. तो लाल ठिपका आता राखाडी दिसत होता, पण तसाच उडत होता. ओठ सलग. एक कान. "हा बघा, छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मला तो दिसला, बाई, सगळ्या वळणांसकट. दुसरा दिसेना. लेकरानं त्या बाजूला हात घेतला होता. मला चालून यायला लावलं, गोड खायला लावलं, कुशीवर वळवलं. हात काही हलला नाही. "एकवीस दिवस म्हणजे धोका फारच कमी," त्या म्हणाल्या. "बहुतेक सगळं ठीकच आहे. पुढच्या वेळी पुन्हा बघू." बहुतेक. तुमचाच शब्द. तुम्ही तो खोडायला तयार नव्हता म्हणून मी तुमची हुग्गी टाकून आले, आणि मशीन लावूनही यांना तो खोडता आला नाही.

घरी आल्यावर चहा करून सासूबाईंनी माझ्यापुढं ठेवला आणि मग विचारलं, "म्हंजी कसं मोजलं व्हतंस तू?"

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, दोनदा. शेवटी म्हणाल्या, "पहिला धरायचा न्हाय व्हय. आता गं बया, जलमभर आमी समदंच येक जास्त मोजलं म्हण की." मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "बाईला ठावं व्हतं?"

"होय. त्या दर बाजारी आकडा पाठवायच्या."

"मंग मला का न्हाय सांगितलंस?"

मी रडले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि त्यातलं तुमच्यासाठी किती आणि त्या न दिसलेल्या कानासाठी किती, मला वेगळं करता येत नाही. संध्याकाळी त्यांनीच माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो रागावला, मग घाबरला, मग माझ्या शेजारी बसून त्यानं माझ्या कानाला हात लावून पाहिला, वेड्यासारखा. आता या घरात तिघं घाबरलेले आहेत. एकटीनं घाबरण्यापेक्षा हे बरं आहे, हे कबूल करते. तुमचं बरोबर होतं. घ्या.

भीती गेलेली नाही. झोपेत मला दारं दिसतात, सगळी सारखी, आणि एक लहान हात नंबर झाकून धरलेला. भोपळा मात्र खाते, शेवगाही खाते. प्रत्येक घासाला मनात साकु म्हणते, कुणाला म्हणते कुणास ठाऊक.

आज बाजार होता. तुम्हाला जाऊन तीन बाजार झाले. शेजारीण म्हणाली चार झाले, तर सासूबाईंनीच तिला अडवलं, "न्हाय, तीन. गेल्या त्यो बाजार धरायचा न्हाय." दुपारी त्या भाजी घेऊन परतल्या. पार्लरमध्ये दोन बायका बसल्या होत्या, माझ्या दातात दोरा होता. सासूबाईंना अक्षर वाचता येत नाही, आकडा लिहिता येत नाही. त्या पिशवी खाली न ठेवता दारातच थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एकोणीस."

बायकांना काही कळलं नाही. मी दोरा तोंडातून काढला. तुमच्या सहा आकड्यांपैकी एकालाही न दिलेली ओ मी त्यांना दिली, मोठ्यानं, वर्गात हजेरीला द्यायचे तशी.

"व्हय. एकोणीस."